सालं वाळवायला कोळसा? सोसायटीत खताचं विजेवरचं मशीन घ्यावं का

ॲशवाले काका, उपनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. थोडं पाल्हाळ सहन करा.

आमची सोसायटी नाशिकला, उपनगर भागात. ३२ फ्लॅट, चार मजले, एक लिफ्ट, तीही मूडमध्ये असली तर. गेल्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत आमच्या एका तरुण सभासदाने लॅपटॉप उघडला आणि विजेवर चालणारं खताचं मशीन दाखवलं. ओला कचरा टाका, झाकण लावा, २४ तासांत खत तयार. वास नाही, चिलटं नाहीत, गांडुळांचे लाड नाहीत. किंमत ३,४०,००० रुपये, वर जीएसटी. मंडळी खूष. चहा आला. मी एकट्याने विचारलं, ‘याला युनिट किती लागतात?’ विकणारा माणूस म्हणाला, ‘काका, अगदी किरकोळ. फ्रिजएवढी समजा.’

फ्रिजएवढी म्हणजे किती, ते त्याला सांगता येईना. मग मशीनच्या पाठीवरची पट्टी फोटो मोठा करून वाचली. तीन किलोवॅट! एवढा फ्रिज मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता मी एवढा युनिटच्या मागे का लागतो, ते सांगतो. माझी सगळी नोकरी एकलहऱ्याला थर्मलमध्ये, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रात झाली, ॲश हँडलिंगला. लोकांना थर्मल म्हटलं की चिमणी आठवते, आम्हाला राख. बॉयलरच्या पोटाखाली हॉपर असतो, त्यात जड राख पडते. तिच्यातले क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेले गोळे, दळायचे, पाणी मारून गाळ करायचा आणि पाइपातून राखेच्या बंधाऱ्याकडे ढकलायचा. हलकी राख धुराबरोबर पळते, तिला ईएसपी नावाच्या, धूर साफ करणाऱ्या यंत्रात विजेच्या भाराने पकडतात. ती मैद्यासारखी असते, मुठीत धरली तर पाण्यासारखी निसटते. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी करून सकाळी घरी आलो की ही परातीत पीठ मळत असायची आणि मला तिकडे बघवायचं नाही. पाइप चोकअप झाला की काय होतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. ते जाऊ दे.

आपल्या कोळशात राखच ३० ते ४० टक्के. एका युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे मागे दोन-सव्वादोनशे ग्रॅम राख उरते. एक ओंजळ. युनिट म्हटलं की तुम्हाला बिल आठवत असेल, मला ओंजळभर राख दिसते. एकलहऱ्याचे १४० मेगावॅटचे जुने दोन संच २०११ ला बंद झाले, २१० चे तीन राहिले. त्या तिन्हींची राख मी बघितलेली आहे. नाशिकच्या दिव्यात एकलहऱ्याचीच वीज असते असं नाही, हे मला ठाऊक आहे. ग्रीडमध्ये सगळं मिसळतं, कोयनेचं पाणी, सोलर, वारा. तरी देशातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच.

तर मशीनचा विषय. मी आणि आमचा वॉचमन, दोघांनी आठ दिवस ताणकाटा घेऊन ओला कचरा तोलला. सरासरी रोज १९ किलो. रविवारी २६ (हाडं, काटे, मक्याची कणसं), एकादशीला १४. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते खरं, पण साबुदाण्याला साल नसते. ३२ पैकी ११ घरं ओलं-सुकं एकत्रच देतात, आणि दोन घरांतून ओल्याच्या डब्यात डायपर येतं. कुठली दोन ते मला माहीत आहे. सभेत नाव घेणार नाही.

माझा प्रश्न असा. १९ किलो सालं जिरवायला रोज वीज जाळायची, यात निसर्गाचं भलं होतं का, की मी जुन्या सवयीने उगाच राख मोजत बसलोय? सकाळी घंटागाडी येतेच. ओलं नीट वेगळं दिलं तर ते महापालिकेच्या पाथर्डीच्या खतप्रकल्पाला जातं. मग मशीन कशाला? यावर आमची पोरं म्हणतात, कचरा डेपोत मिथेन निघतो, गाडी डिझेल जाळते, आपला कचरा आपल्या दारात जिरला पाहिजे. तेही काही चूक बोलत नाहीत. शिवाय एकाने घाबरवून ठेवलंय की मशीन नसेल तर महापालिका दंड करील.

कोणी हिशेब मांडून देईल का? पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे.

गंगेवरचा भो

काका, ३,४०,००० मध्ये तीन-चार गायी येतात. सालं खातील, दूध देतील, शेणाच्या गोवऱ्या होतील. वीज शून्य. पार्किंगमध्ये बांधा.

ॲशवाले काका, उपनगर

पार्किंगमध्ये दुसरी गाडी लावायची की नाही यावर आमच्याकडे चार सभा झाल्यात, भो. गायीला पाचवी लागेल.

सातपूरकर मेकॅनिकल

काका, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. ‘किती युनिट’ हे विचारणारा माणूस कमिटीत असणं म्हणजे नशीब. मी बॉयलर आणि ड्रायरच्या कामात आहे, तेव्हा हिशेब देतो. कागद घेऊन बसा.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात ७०-७५ टक्के पाणी असतं. १९ किलोत धरा १४ किलो पाणी. ‘२४ तासांत १९ किलोचे ५ किलो झाले’ असं मशीनवाला दाखवतो, तेव्हा ते १४ किलो गेलं कुठं? वाफ होऊन गेलं. एक किलो पाणी साध्या तापमानापासून तापवून त्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट लागतं. तो निसर्गाचा नियम आहे, कुठलीही कंपनी त्यात सूट देऊ शकत नाही. १४ गुणिले ०.७, झाले जवळपास दहा युनिट. हे कमीत कमी. त्यात मशीनच्या पत्र्यातून उडणारी उष्णता, ढवळणारी मोटर, वास ओढणारा पंखा धरा. रोज १३ ते १५ युनिट होणारच. चांगला फ्रिज एवढी वीज तीन-चार आठवड्यांत खातो.

आणि यात खत कुठे झालं? काहीच झालं नाही. खत करतात जिवाणू, आणि त्यांना वेळ लागतो, आठवडे लागतात. २४ तासांत होतं ते वाळवणं. कुरडया-पापड आपण गच्चीवर उन्हात फुकट वाळवतो, हे तीन किलोवॅटवर सालं वाळवतंय, एवढाच फरक. काही मशिनांत जिवाणूंची पावडर टाकून थोडं कुजवतातही, पण एका दिवसात जे व्हायचं तेवढंच होतं.

आता तुमची पोरं मिथेनचं म्हणतात ते मात्र हलक्यात घेऊ नका. ओला कचरा डेपोत ढिगाखाली दाबला गेला, हवा लागली नाही, की मिथेन निघतो. १०० वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन हा पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, २० वर्षांचा धरला तर ८० पट. तुमचा महिन्याचा ओला कचरा ५७० किलो. तो सगळा खोल ढिगात पुरला गेला, तर हळूहळू त्यातून वीसेक किलो मिथेन निघू शकतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सहाशे किलोच्या आसपास. मशीनची वीज महिन्याला ४०० युनिट, ग्रीडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो (यात सोलर, पाणी सगळं धरून), म्हणजे २८० किलो. तेव्हा कचरा डेपोत सडण्यापेक्षा मशीन बरं. हे कबूल करा, नाहीतर सभेत कोणी हिशेब आणला तर तुम्ही तोंडघशी पडाल.

पण तुमची तुलना डेपोशी नाहीच ना! तुमच्यापुढचा दुसरा पर्याय आहे वेगळा केलेला ओला कचरा. तो पाथर्डीला लांबट ढीग घालून, उलटापालट करून खत होतो, किंवा तुमच्याच आवारात ड्रममध्ये होतो. हवा खेळती असली की मिथेन जवळपास निघत नाही आणि वीज नाममात्र. या दोन्हींपुढे मशीन हरतं.

डिझेलचा बाऊ करू नका. घंटागाडी एका फेरीत टनभर तरी नेते, जाऊन येऊन २५-३० किलोमीटर धरले तर तीन-चार लिटर डिझेल. लिटरला पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. टनाला दहाएक किलो. मिथेनपुढे हा आकडा काहीच नाही. गाडी फिरते त्याने एवढं बिघडत नाही, गाडीत ओलं-सुकं एकत्र पडतं त्याने बिघडतं. तुमची ती ११ घरं.

एक राहिलं. मशीन रात्रभर चालणार, म्हणजे सोलर झोपलेलं असताना. तेव्हा तुमच्या ओंजळीचा हिशेब सरासरीपेक्षा जास्तच खरा ठरतो.

गॅस करायचा विचार केलात का? पुण्याच्या ‘आरती’ (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारा छोटा संच बसवून दाखवला, त्याला २००६ ला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. आपल्याकडेही महापालिकेने जर्मन मदतीने हॉटेलांचं खरकटं आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करायचा प्रकल्प २०१७ ला उभा केला. तुमच्या १९ किलोतून रोज दीडेक घनमीटर गॅस, म्हणजे सिलिंडरचा अर्धा-पाऊण किलो गॅस निघेल. वॉचमनच्या कुटुंबाची चूल चालेल. पण आपल्या नाशिकची थंडी! डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की जिवाणू गारठतात आणि गॅस निम्म्यावर येतो. लिंबाची सालं जास्त पडली तर संच आंबूनही बसतो. सांभाळणारा माणूस असेल तरच.

कुंडीतली काकू, इंदिरानगर

सातपूरकर दादांनी सगळं छान सांगितलं, पण काका, आकडे खत करत नाहीत. मी सहा वर्षं गच्चीवर करतेय, तीन निळे ड्रम आहेत. खरी गोष्ट सांगू? पहिल्या पावसाळ्यात माझं पूर्ण फसलं होतं. मी नुसतं ओलंच टाकत गेले. खाली काळं पाणी साठलं, तांदळाएवढ्या अळ्या भिंतीवर चढून शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साडीवर गेल्या. ती साडी पैठणी होती. पुढचं विचारू नका, संक्रांतीला तिळगूळ दिला तेव्हा कुठे बोलायला लागल्या.

चूक एकच होती. कोरडं नव्हतं. एक डबा ओलं टाकलं की एक डबा कोरडं पडलंच पाहिजे. सुका पाला, भुसा, नारळाच्या शेंड्यांचा चुरा, फाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, काहीही. कोरडं पडलं की वास बसतो, हवा खेळते, पाणी शोषलं जातं. दर दोन-तीन दिवसांनी काठीने ढवळते. विरजण म्हणून मी आंबट ताक आणि आधीच्या खेपेचं दोन मुठी खत घालते, बाजारची पावडर लागत नाही. उन्हाळ्यात चाळीस दिवसांत होतं, थंडीत सत्तर लागतात. हाताला मातीसारखं लागलं, पहिल्या पावसाचा वास आला, की झालं. शहाळी आणि आंब्याच्या कोयी मात्र टाकू नका, त्या माझ्यापेक्षा जास्त टिकतील.

सासूबाई आधी निर्माल्याची पिशवी घेऊन बुधवारी बाजाराच्या निमित्ताने गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर जायच्या आणि पुलावरून सोडायच्या. पिशवीसकट. मी कितीदा सांगितलं, ऐकायच्या नाहीत. मग एकदा ड्रममधल्या खतावर जास्वंद फुलली, तिचंच फूल देवाला वाहिलं आणि म्हटलं, ‘आई, हे बघा, तुमचंच निर्माल्य परत आलं.’ तेव्हापासून निर्माल्य ड्रममध्ये. फक्त हारांचे दोरे मलाच काढावे लागतात.

तुम्हाला बत्तीस घरांचं करायचं तर मशीनचं नका विचारू, हे विचारा की रोज सकाळी झाकण कोण उघडणार? सफाईच्या मावशींवर ढकलू नका. ढकलायचंच असेल तर वेगळा पगार द्या, हातमोजे द्या, नाव लिहा. आमच्या मागच्या सोसायटीत तिथेच सगळं बसलं. आणि दंडाची भीती कशाला? कचऱ्याच्या नियमांत रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचरा उत्पादक’ धरलंय. तुमचा ओला-सुका मिळून तीस-पस्तीस भरेल. फक्त वेगळा करून देणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, ते तुमच्या ११ घरांना सांगा.

पाथर्डी फाट्याचा सेक्रेटरी

मशीनच्या बाजूने कोणी तरी बोलायला हवं म्हणून लिहितो. आमच्याकडे दोन वर्षं आहे. फायदा खरा आहे. भांडण नाही, अळ्या नाहीत, पावसाळ्यात त्रास नाही, आणि मशीन आल्यामुळेच लोक वेगळं करायला लागले, कारण चमचा गेला की आतलं पातं अडकतं आणि कुणाच्या घरचा चमचा ते सगळ्यांना कळतं. पण सातपूरकर म्हणतात ते आम्हीही शिकलो. ते ‘खत’ कुंड्यांत टाकलं आणि पाणी घातल्यावर तिसऱ्या दिवशी वास सुटला, दोन तुळशी गेल्या. आता मशीनमधून काढून मागच्या खड्ड्यात महिनाभर मुरवतो. मग चोवीस तासांत काय झालं, हे मलाही कोणी सांगा.

ॲशवाले काका, उपनगर

सगळ्यांचे आभार. दहा दिवस गायब होतो, कारण प्रयोग चालू होता.

विकणाऱ्याला म्हटलं, एक दिवस मशीन आणून ठेवा, आवडलं तर घेऊ. तो बिचारा खरंच घेऊन आला. आमच्या इलेक्ट्रिशियनकडून एक जुना सबमीटर आणून मधे लावला. तो ‘काका, याची गरज नाही’ म्हणाला. मी म्हटलं, मला झोप लागत नाही हो, सवय आहे.

आत गेले १९ किलो ३०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बाहेर आले साडेपाच किलो, तपकिरी, कोरडं, भाजलेल्या तपकिरीसारखा वास. सबमीटर १३.४ युनिट. सातपूरकर, तुम्हाला आमच्याकडून एक मिसळ. तुमचा दहाचा ‘कमीत कमी’ आणि तेरा ते पंधराचा अंदाज, दोन्ही बसले.

मग त्यातलं मूठभर एका कुंडीत टाकून पाणी घातलं आणि वर ताटली झाकली. तिसऱ्या दिवशी ताटली उचलली तर पांढरी बुरशी, हाताला कोमट, आणि वास असा की ही म्हणाली, ‘थर्मलला होतात तेव्हा बरे होतात, निदान राखेला वास नव्हता.’

सभेत एवढंच सांगितलं. महिन्याचे ४०० युनिट. सगळी कोळशाची धरली तर २६० किलो कोळसा आणि ९० किलो राख, कशासाठी, तर ५७० किलो सालं वाळवायला. सगळे आकार धरून युनिटला दहाएक रुपये, म्हणजे महिन्याला चार हजार, घरटी सव्वाशे. हे ऐकल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. कोळशाचं कुणाला काही वाटलं नाही हो, सव्वाशेचं वाटलं. तरुण सभासदाचा चेहरा पडला, त्याचं मला वाईट वाटलं, कारण कचऱ्याचा विषय काढणारा तो पहिला. मी त्यालाच म्हटलं, ड्रमचं तू बघ, मी तुझ्या हाताखाली. तयार झाला. सहा ड्रम, वॉचमनच्या बायकोला महिना पंधराशे, तेही तिला विचारून. काकू, झाकणाचा प्रश्न तुमच्यामुळे आधी सुटला.

पण आता माझी फजिती ऐका. सबमीटर हातात होता, म्हणून सोसायटीच्या कॉमन मीटरचंही रीडिंग रोज घ्यायला लागलो. मशीन गेलं तरी रीडिंग कमी होईना. शोधत शोधत पार्किंगमध्ये आलो. १८ जुन्या ट्यूब, जुन्या चोकच्या, एकेक चोक धरून पन्नास वॅट. संध्याकाळी सहाला लागतात, सकाळी दूधवाला येऊन गेला, पोरं शाळेत गेली, तरी चालूच, आठ वाजता कुणाला तरी आठवण येते. चौदा तास. गुणाकार केला, १२.६ युनिट. रोज! सात वर्षं मी त्या नळ्यांखालून जातोय, ॲशवाला म्हणून मिरवतोय, आणि माझ्या डोक्यावर रोज बारा ओंजळी जळतायत. दुसऱ्याच्या मशीनचे युनिट मोजायला मला एक दिवस लागला नाही.

ट्यूब काढल्या. वीस वॅटच्या एलईडी आणि टायमर लावला. आता चार-सव्वाचार युनिटमध्ये होतं.

उरलेल्या दोन अडचणी. एक, त्या १८ काढलेल्या नळ्या. त्यांच्यात पारा असतो, फोडायच्या नाहीत, हे मला माहीत आहे. सध्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बाल्कनीत उभ्या आहेत आणि घरात त्यावरून रोज विषय निघतो. दोन, कोरडं. सहा ड्रमला रोज पाला कुठून आणू? आमच्याकडे झाड एकच, अशोकाचं, आणि ते पानं टाकायला तयार नाही.

सातपूरकर मेकॅनिकल

नळ्या घातक घरगुती कचऱ्यात येतात, घंटागाडीवाल्याला ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या हातात द्या आणि आधी सांगून द्या. फुटलीच तर झाडूने झाडू नका, खिडक्या उघडा, ओल्या कागदाने टिपा. मिसळ कुठली ते मी ठरवणार.

द्राक्षवाला, दिंडोरी

काका, कोरड्याचं माझ्याकडे बघा. एप्रिलला द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली मोठी छाटणी होते तेव्हा बागेत काड्यांचा खच पडतो. पूर्वी आम्ही बांधावर ढीग घालून पेटवून द्यायचो, सगळं शिवार धुरकट. आता ट्रॅक्टरमागे श्रेडर लावून कुट्टी करतो. बरीचशी वेलीखाली आच्छादन म्हणून घालतो, तरी ट्रॉलीभर उरतेच. ती तुम्हाला देतो, फुकट.

पण ऐकून घ्या. काडीची कुट्टी लाकडी असते, पाल्यासारखी लवकर कुजत नाही. पहिल्या खेपेला खत चाळलं की तुकडे वर राहतील, ते टाकून देऊ नका, पुढच्या ड्रमला परत वापरा. हवा खेळायला तेच उत्तम. काही तुकड्यांवर निळसर डाग दिसेल, तो बोर्डो या बुरशीनाशकाचा, त्यात मोरचूद असतं. ड्रमला चालेल, गांडुळं सोडायची असतील तर नको, त्यांना तांबं सोसत नाही.

आणि तुम्ही लगेच विचाराल म्हणून आधीच सांगतो, तुमचं खत मी बागेला घेणार नाही. रागावू नका. शिळ्या भाजी-आमटीतलं मीठ खतात राहतं आणि द्राक्षाला मीठ अजिबात चालत नाही, पानांच्या कडा करपतात. मशीनमधलं तर आणखी वाईट, पाणी उडतं आणि मीठ सगळं मागे राहतं. एकदा शहरातून आलेल्या खताची एक ट्रॉली टाकून बसलोय, त्यात मीठ तर होतंच, शाम्पूच्या पुड्या अजून निघतात. तुमच्या कुंड्यांना, अशोकाला घाला. सालं आणि भाजीची देठं तेवढी वेगळी ठेवलीत, शिजलेलं टाकलं नाहीत, तर पुढच्या वर्षी माती परीक्षणवाल्याकडून क्षार तपासून बघू.

कुंडीतली काकू, इंदिरानगर

भाऊ, थोडी कुट्टी मलाही! तीनच ड्रम आहेत माझे.

ॲशवाले काका, उपनगर

भाऊ, मीठाचं डोक्यातच आलं नव्हतं. शिजलेलं वेगळं काढायला सांगतो, म्हणजे अजून एक डबा आला आणि अजून एक सभा. रविवारी सकाळी सातला येतो, आमचा तरुण सभासद गाडी घेऊन येतोय. काकूंचंही त्यातच आणतो. पोती किती आणू?

द्राक्षवाला, दिंडोरी

वीस आणा. नळ्या आणू नका.